छतावरचा पिवळा डाग: आधी ओल बघा, मग रंग

पत्र: आम्ही डोंबिवलीत चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत साधारण २२ वर्षांची. हॉलच्या कोपऱ्यात, पॅसेजच्या बाजूला, छताला जेवणाच्या ताटाएवढा पिवळट-तपकिरी डाग पडलाय. मागच्या दिवाळीला पेंटरकडून दोन हात रंग मारून घेतला, पंधरा दिवसांत डाग पुन्हा वर आला. पेंटर म्हणतो, रंग हलका होता, या वेळी भारीतला घेऊ, नाहीतर फॉल्स सिलिंग करून टाकू. वरच्या मजल्यावर वयस्कर काका-काकू राहतात. त्यांना सांगितलं तर म्हणतात, आमच्याकडे पाण्याचा थेंब साचत नाही. सेक्रेटरी म्हणतात, तुमचं दोघांचं तुम्ही बघा. गणपती तीन आठवड्यांवर आलेत, मूर्ती त्याच कोपऱ्यात बसते आणि दीड दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. डाग निघेल असं काही औषध असतं का? नाहीतर झाकायचा तरी कसा? आणि काका-काकूंशी वाकडं न येता हे सगळं कसं करायचं?

उत्तर:

ताई, रंग हलका होता म्हणून डाग वर आलेला नाही. दुकानातले सगळ्यात महागडे इमल्शन मारले असते तरी तो आलाच असता. इमल्शन काय, डिस्टेंपर काय, दोन्ही पाण्यात कालवलेले रंग. आणि डाग म्हणजे स्लॅबमधून झिरपताना पाण्याने सोबत आणलेला ऐवज: सिमेंटमधले क्षार, माती, सळ्यांचा गंज, जुन्या रंगातली द्रव्ये. पाणी उडून जाते, हे सगळे मागे राहते आणि कडेला जास्त साचते. चहाचा कप टेबलावर ठेवल्यावर जशी गडद कडा उमटते तशी तुमच्या डागालाही असेल. त्यावर पाण्याचा रंग लावला की रंगातले पाणी हा सुकलेला मळ पुन्हा विरघळवते आणि रंग वाळताना मळ वरच्या थरात ओढला जातो. दोन हात मारा की चार, होते तेच.

हे झाले डाग कोरडा असेल तर. तुमचा डाग कोरडा आहे की अजून पाणी पितोय हे पत्रावरून कळत नाही, आणि पुढचे सगळे त्यावरच ठरते. म्हणून पेंटरला फोन करण्याआधी एवढे करा. कुणाला तरी शिडी धरायला सांगा आणि डागाच्या कडेने शिसपेन्सिलीने बारीक रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. मोबाइलवर फोटो काढा. मग स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा फॉइल वहीच्या पानाएवढा कापून डागावर बसवा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून हवाबंद करा. सुटलेला रंग आधी खरवडून घ्या, नाहीतर पट्टी धरणार नाही. दोन दिवसांनी काढून बघा. फॉइलच्या आतल्या, म्हणजे छताकडच्या बाजूला दव धरले असेल तर पाणी स्लॅबमधून येते आहे. फक्त बाहेरच्या बाजूला ओलसरपणा असेल तर तो पावसाळी हवेचा. आतून कोरडा निघाला आणि पेन्सिलीच्या रेघेबाहेर डाग सरकला नसेल, तर एकदा काढून पुन्हा चार-पाच दिवस लावून बघा. वरचे घर दोन दिवस बंद असले तरी फॉइल कोरडा निघतो, तेव्हा एका वेळच्या निकालावर विसंबू नका.

डागाच्या जवळ पंख्याचा हुक, ट्यूबलाइट किंवा दिव्याचा पॉइंट आहे का तेही बघा. स्लॅबच्या पोटातून वायरचे पाइप गेलेले असतात आणि पाण्याला ती आयती वाट मिळते. गळती एकीकडे आणि थेंब पंख्याच्या कपातून, असे पुष्कळ घरांत होते. तसे दिसले तर त्या सर्किटचा एमसीबी, म्हणजे विजेच्या पेटीतला सुरक्षा स्विच, पाडा आणि इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत तो चालू करू नका. यात चालढकल नको.

दुसरी तपासणी आवाजाची. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डागावर आणि भोवती हलके ठोका. भरीव, टणक आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर प्लास्टर किंवा त्यावरचे काँक्रीट सळ्यांपासून सुटले आहे. डागात सरळ रेषेत गेलेले लालसर पट्टे दिसले, त्याच रेषेत चीर दिसली, तर सळ्या गंजताहेत. लोखंड गंजले की ते आधीपेक्षा दुपटीहून जास्त जागा घेते आणि काँक्रीटचे कव्हर खाली ढकलते. अशा छताखाली गणपतीही बसवू नका आणि पाहुणेही. मूर्ती दुसऱ्या कोपऱ्यात घ्या, आणि रंगाचा विचार सोडून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तुमची इमारत २२ वर्षांची आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. शेवटचे कधी झाले हे सेक्रेटरींना लेखी विचारा. डागापेक्षा या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे ठरू शकते.

आता समजू या, आवाज भरीव आहे आणि फॉइलला आतून दव धरले. म्हणजे गळती चालू आहे. ती कुठली?

तुमच्या डोक्यावर अजून दोन मजले आहेत, म्हणजे गच्चीचे पाणी इतके खाली येण्याची शक्यता कमी. डाग पॅसेजच्या बाजूला, म्हणजे वरच्या घराचे बाथरूम बहुधा त्याच भिंतीपलीकडे. आठवडाभर एका कागदावर फक्त वेळ आणि डागाचा ओलसरपणा लिहा. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर तासा-दोन तासांनी डाग गडद होत असेल आणि रात्री फिका पडत असेल तर दोष सांडपाण्याच्या वाटेत: नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचे, पाणी वाहून नेणारे भांडे), टाइल्सचे सांधे, कमोडचा जोड, वॉशिंग मशीनचे आउटलेट. रात्रंदिवस सारखाच ओला असेल तर भिंतीतली नळाची लाइन फुटलेली असते, कारण तिच्यात पाण्याचा दाब कायम असतो. जोराच्या पावसानंतरच वाढत असेल तर बाहेरची भिंत, डक्टमधले पाइप किंवा खिडकीवरचा छज्जा तपासावा लागेल. आणि एसी असेल तर त्याच्या पाण्याची नळी बघायला विसरू नका. तुंबलेल्या नळीपायी लोकांनी शेजाऱ्यांची बाथरूम फोडायला लावली आहेत.

काकू म्हणतात, आमच्याकडे थेंब साचत नाही. त्या खरेच बोलत आहेत, असे धरून चाला. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागात विटांचे रोडे आणि सिमेंटची भर घालून वर टाइल्स बसवतात, पाइप त्या भरावातून जातात. टाइल्सच्या सांध्यांतला सिमेंट झिजला किंवा नहाणी ट्रॅपभोवती बारीक फट पडली की प्रत्येक आंघोळीचे थोडे पाणी त्या भरावात उतरते. वर जमीन कोरडी ठणठणीत, खाली भराव पाण्याने भरलेला. वरच्या घरातल्या माणसाला ते दिसायचा काही मार्गच नसतो. बहुतेक भांडणे इथून सुरू होतात: खालचा म्हणतो तुम्ही खोटे बोलता, वरचा म्हणतो तुम्ही आळ घेता, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणून त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका. त्यांना खाली बोलवा. काकांना गुडघ्यांमुळे जिना जमत नसेल तर फोटो, तारखा आणि फॉइल घेऊन तुम्ही वर जा. “काका, दोष कुणाचा ते नंतर बघू, पाणी कुठून येतंय एवढं मिळून शोधू या. तपासणीला प्लंबर मी बोलावते, त्याचे पैसे मी देते,” असे म्हणा. प्लंबरच्या एका फेरीचे पैसे फार नसतात आणि त्यातून जी दारे उघडतात ती सोसायटीच्या नोटिशीने उघडत नाहीत. वयस्कर माणसांना खरी भीती बाथरूम फोडण्याची असते. आठ-दहा दिवस आंघोळ कुठे करायची, रात्री उठून जायचे कुठे, मजूर घरात, धूळ. त्या भीतीला तुम्ही आधीच उत्तर दिलेत, “काम निघालंच तर तेवढे दिवस आमचं बाथरूम वापरा,” एवढे म्हणालात, तर निम्मा विरोध तिथेच मावळेल.

तपासणी टप्प्याटप्प्याने करा, सगळे एकदम केले तर काहीच कळत नाही. पहिल्या दिवशी बाथरूमची जमीन कोरडी ठेवून बादलीभर पाणी नरसाळ्याने किंवा पाइपने थेट नहाणी ट्रॅपच्या आत सोडा. काठाला पाणी लागू देऊ नका. त्या पाण्यात खायचा लाल किंवा निळा रंग घाला. खाली डाग वाढला किंवा रंग उतरला तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्यापुढच्या पाइपमध्ये. एक दिवस जाऊ द्या. मग ट्रॅपचे तोंड प्लास्टिकच्या पिशवीत कापड कोंबून बंद करा, जमिनीवर बोटभर पाणी साठवा, भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि २४ तास तसेच ठेवा. पातळी डोळ्यांना दिसेल इतकी उतरली आणि खाली ओल वाढली, तर टाइल्सचे सांधे आणि भिंतीचा खालचा कोपरा दोषी. तिसऱ्या खेपेला रात्री बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. सकाळी डाग कमी ओला दिसला तर नळाची लाइन. रंग खाली उतरला नाही म्हणून गळती नाही असे समजू नका. भरावातून येताना रंग गाळला जातो, आणि पाणी यायला कधीकधी दोन दिवसही लागतात.

दोष सांध्यांत निघाला तर लगेच फोडाफोडीला तयार होऊ नका. बाथरूम दोन दिवस पूर्ण कोरडे ठेवून, जुना ग्राउट, म्हणजे सांध्यांतली भर, खरवडून काढून एपॉक्सी ग्राउट (पाणी न पिणारी रेझिनची भर) भरायचा आणि ट्रॅपभोवतीची फट नीट बंद करायची. पुष्कळ ठिकाणी एवढ्याने भागते. पांढऱ्या सिमेंटचा लेप हाताने पुसणारा कारागीर असेल तर त्याला परत पाठवा, तो लेप वर्षभरही टिकत नाही. आणि खालून, म्हणजे तुमच्या छतातून, केमिकलचे इंजेक्शन देऊन गळती बंद करतो असे कोणी म्हणाले तर सावध राहा. पाणी वरून थांबवायला हवे. खालून अडवलेले पाणी स्लॅबमध्येच मुरते आणि सळ्या खाते, किंवा दोन हात पलीकडे दुसरा डाग काढते. ट्रॅप किंवा भरावातला पाइपच फुटला असेल तर मात्र फोडण्याला पर्याय नाही. तेव्हा भराव पूर्ण काढून, स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करून, जमीन आणि भिंत मिळते तो कोपरा सिमेंटने गोलसर करून (याला वाटा म्हणतात), पाणी साठवून तपासल्यावरच टाइल्स बसवायच्या. ती पाणी साठवण्याची तपासणी कंत्राटदार गाळायला बघतो. ती तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी.

पैशाचे बोलायला हवे. सेक्रेटरी अंग काढून घेत आहेत ते बरोबर नाही. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि ड्रेनेज लाइनची गळती, गच्चीतून आलेल्या पाण्याने शेवटच्या मजल्याच्या छताचे झालेले नुकसान, हा सगळा खर्च सोसायटीचा. संडास, बाथरूम, सिंक यांच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांचा, पण तोही सोसायटीच्या मध्यस्थीने व्हायचा आहे. पाहणीसाठी आगाऊ सूचना देऊन सदनिकेत जाण्याचा अधिकार सेक्रेटरींना आहे. म्हणून एक साधा अर्ज द्या, फोटो जोडा, पोचपावती घ्या. अर्जात काका-काकूंविरुद्ध एक शब्द लिहू नका. “आमच्या छताला गळती आहे, कारण शोधण्यासाठी सोसायटीने पाहणी करावी,” इतकेच लिहा. आणि अर्ज देण्याआधी काकांना सांगून द्या. तिसऱ्याकडून कळले तर मन दुखावते.

नवीन फ्लॅट घेतलेल्या वाचकांनीही ही पत्रे वाचायची असतात, त्यांच्यासाठी एवढेच: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या दर्जातला दोष निघाला, तर रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरला कळवल्यापासून ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. डागावर स्वतः रंग मारण्याआधी बिल्डरला लेखी कळवा.

गळती थांबली की लगेच छत कोरडे होणार नाही, हे आधीच लक्षात घ्या. भरावात मुरलेले पाणी काम झाल्यावरही कितीतरी दिवस खाली येत राहते. सुरुवातीला डाग थोडा वाढतोही. अशा वेळी लोक वर धावतात, काम फसले म्हणून ओरडतात, आणि जोडलेले संबंध तुटतात. थांबा. पेन्सिलीची नवी रेघ, नवी तारीख, दर आठवड्याला फॉइल. पावसाळ्यात चार-सहा आठवडे सहज जातात. पंखा चालू ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. ऑक्टोबरचे ऊन या कामाला देवासारखे धावून येते. रंगकाम दिवाळीच्या तोंडावर ठेवलेत तर उत्तम.

म्हणजे गणपतीचे काय? फॉइल ओला निघाला असेल तर गणपतीआधी रंगाच्या भानगडीत पडू नका, हे मी तुम्हाला अगदी आग्रहाने सांगतो. ओल्या छतावर मारलेला रंग पाहुण्यांसमोर फुगे धरेल आणि पैसे पाण्यात जातील. मखराच्या मागचा पडदा थोडा उंच घ्या, वर कापडाची छत ओढा. फक्त त्यासाठी डागाजवळ स्लॅबला खिळा ठोकू नका, आणि माळांच्या दिव्यांची वायर त्या कोपऱ्यातून नेऊ नका. कापड दुसऱ्या भिंतींना बांधा. घरी आलेल्या माणसाला डाग दिसला तर दिसू दे. मुंबई-ठाण्यात ज्यांच्या घरात एकदाही ओल आली नाही अशी घरे किती असतील?

फॉइल मात्र दोन्ही वेळा आतून कोरडा निघाला, तर तीन आठवडे भरपूर झाले. कामाला लागा. ते असे.

तुम्ही औषध विचारलेत. डाग हलका असेल आणि वरच्या रंगातच असेल तर सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे धुण्याच्या ब्लीचचे, पातळ द्रावण स्पंजने लावून तो फिका होतो. एक भाग ब्लीचला तीन भाग पाणी. काळे ठिपके असतील तर ती बुरशी आहे आणि तिच्यासाठी हे द्रावण लावायलाच हवे, नाहीतर ती नव्या रंगातूनही वर येते. लावून दहा-पंधरा मिनिटे थांबा, साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा, दोन दिवस वाळू द्या. डोक्यावरचे काम आहे, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. आणि त्याच बादलीत, त्याच फडक्यावर टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड कधीही येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. पण तुमचा डाग दोन हात रंगातून वर आलेला आहे. तो खोलवरचा आहे, पुसून जाणार नाही, अडवावा लागेल.

पांढरी भुकटी, म्हणजे खार फुटलेला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, धुतल्यावर तो विरघळून पुन्हा प्लास्टरमध्ये शिरतो. झाडल्यावर आठवडाभर बघा. पुन्हा आला तर छत कोरडे झालेले नाही, फॉइल काहीही म्हणो.

खाली जुने कापड किंवा प्लास्टिक पसरा, टीव्ही झाका. पत्र्याने सुटलेला सगळा रंग आणि पुट्टी खरवडा, घट्ट रंग लागेपर्यंत. मग कडा पॉलिश पेपरने उतरत्या करा, नाहीतर रंगानंतर तिथे पायरी दिसेल. धूळ नाकात जाऊ देऊ नका, मुलांना त्या दिवशी आजीकडे पाठवा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आणणारे नियम २०१६ चे, ते अमलात आले २०१७ मध्ये. तुमची इमारत त्याआधीची आहे, तेव्हा खालच्या थरांत शिसे असू शकते. साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क घ्या आणि घासण्याआधी पृष्ठभाग किंचित ओलसर करा. त्याने पुन्हा एक दिवस वाळवणे आले, पण ते परवडते.

आता खरी गोष्ट. डागावर पहिला हात पाण्याचा नको. सॉल्व्हेंटवर आधारलेला डाग अडवणारा प्रायमर दुकानात मिळतो. दुकानदाराला “पाण्याचा डाग वर येऊ नये म्हणून” असे सांगा आणि डब्यावर पातळ करायला टर्पेंटाइन किंवा थिनर लिहिले आहे का ते वाचा. पाणी लिहिले असेल तर तुमच्या कामाचा नाही. तो न मिळाल्यास साधा ऑइल प्रायमर. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लावला तरी डाग फार चांगला अडतो, सुतारकामाचे पॉलिश करणाऱ्यांकडे तो असतोच. या तिन्हींचा वास उग्र आणि तिन्ही पेट घेणारे. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवाजवळचा दिवा आणि उदबत्ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नको. डागाच्या बाहेर वीतभर चारही बाजूंनी पातळ हात द्या, वाळू द्या, मग दुसरा. त्यानंतर एक युक्ती करा: डागाच्या मधोमध तळहाताएवढ्या जागेवर तुमचे नेहमीचे पांढरे इमल्शन लावून रात्रभर ठेवा. सकाळी पिवळी छटा दिसली तर प्रायमरचा आणखी एक हात. पांढरे स्वच्छ राहिले तर पुढे जा. पेंटर ही रात्र थांबायला कुरकुर करेल. थांबवा.

खड्डे असतील तर पुट्टी लागेल, आणि इथे बरेच पेंटर चुकतात. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी उघड्या प्लास्टरवर धरते, ऑइल प्रायमरवर धरत नाही, पोपडा होऊन पडते. प्रायमर आधी लावला आहे म्हणून त्यावर ॲक्रिलिक पुट्टी किंवा जुन्या पद्धतीची तेलाची लांबी भरा. घासून झाल्यावर त्या जागेवर पुन्हा प्रायमरचा एक हात. प्लास्टरच नवे केले असेल तर त्यावर लगेच तेलाचे काही लावू नका. ताज्या सिमेंटच्या क्षाराने तेलाचा थर सडतो. महिनाभर जाऊ द्या.

शेवटचा रंग फक्त ठिगळावर नको. पांढऱ्या रंगालाही वर्षे झाली की छटा येते, आणि ठिगळ ट्यूबच्या उजेडात डागापेक्षा जास्त डोळ्यांत भरते. हॉलचे अख्खे छत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, दोन हात. मॅट घ्या, चकाकीचा नको. दुसऱ्या हाताचा रोलर खिडकीच्या उजेडाच्या दिशेने फिरवायला सांगा, म्हणजे पट्टे दिसत नाहीत.

राहिले फॉल्स सिलिंग. पेंटरला त्यात जास्त पैसे मिळतात हे सोडा, पण जुनी गळती असलेल्या छताखाली मी ते कधीही सुचवणार नाही. वर पाणी झिरपत राहील, सळ्या गंजतील, आणि तुम्हाला कळेल तेव्हा ओल्या जिप्समचे बोर्ड पोट काढून खाली येत असतील. डाग दिसतो आहे तोवर तो तुम्हाला खबर देतो आहे. दिवाळीपर्यंत गळती बंद झाली, एक पूर्ण पावसाळा कोरडा गेला, आणि तरीही हौस म्हणून करायचे असेल तर खुशाल करा. फक्त त्या कोपऱ्यात हात आणि बॅटरी आत जाईल एवढे उघडणारे झाकण ठेवायला सांगा, आणि बोर्ड बसण्याआधी वरच्या स्लॅबचा, पेन्सिलीच्या रेघांसकट, फोटो काढून ठेवा.